पाहुणा आला, कुंबडा खाऊन मागं निजला

मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात सगळ्यात थंड घर कोणाचं, असं कोणालाही विचारा. माझंच नाव सांगतील. लटारूचं. ही फुशारकी नाही. दुपारी बारा वाजले की गावातली कुत्री आपापल्या मालकाला सोडून माझ्या मागच्या भिंतीला येऊन चिकटतात, आणि कुत्र्यांना तोंडदेखलं कौतुक करता येत नाही.

लोक काय करतात, कूलर आणतात, दारं-खिडक्या गच्च लावून घेतात आणि मग म्हणतात, घर चिकट झालं. होणारच! ओली हवा आत येते तशी बाहेरही गेली पाहिजे. मी मागच्या खोलीच्या खिडकीबाहेर लोखंडी कूलर ठेवला, जाळीत गवतासोबत वाळ्याची मुळं भरली आणि आढ्याजवळचं एक कवेलू, म्हणजे कौल, सरकवून ठेवलं. दमट हवा तिथून निघून जाते. छपरावर तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, थर, अंगणात जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव, पुढच्या दाराला ओलं गोणपाट. गोणपाट वाऱ्यानं हललं की थंड झुळूक थेट आत.

दोनच खोडी होत्या. कूलरची टाकी गळायची, त्यामुळे परसात कायम चिखल. आणि मागच्या खोलीचं दार वाकडं होतं. नुसतं लोटलं तर पुन्हा उघडायचं, गारवा पळायचा आणि शेळी आत जाऊन खाटेवर बसायची. जोरात ओढलं तर बाहेरची कडी आपोआप पडायची. म्हणून मी नियमच केला होता की आत कोणी असो नसो, बाहेरून कडी लावायची.

"मंग आतल्या मानसानं बाहेर कसं याव?" बायकोनं, म्हणजे कुंतानं, विचारलं होतं.

"इतक्या गारव्यातून बाहेर येईन कोन?" मी म्हटलं होतं.

आता एक गोष्ट सांगतो, ती लक्षात ठेवा. आमच्या गावात त्याचं नाव घेत नाहीत. जंगलातल्या त्या पट्टेवाल्याचं. नाव घेतलं की बोलावल्यासारखं होतं. आम्ही त्याला पाहुणा म्हणतो. 'काल तळ्याच्या पाळीवर पाहुणा बसला होता.' 'पाहुण्यानं डोमाची कालवड नेली.' खऱ्या पाहुण्याशी कधी गल्लत झाली नाही, कारण खरा पाहुणा एसटीनं येतो आणि हातात पिशवी असते.

डोमाची कालवड जाऊन आठ दिवस झाले होते. डोमा म्हणजे माझा शेजारी. तेव्हापासून सारा गाव भेदरलेला होता. माणसं शेतात जोडीनं जायची, खोकला आला तरी दबकून खोकायची.

त्या दिवशी मी तळ्यावरची जाळी पाहून दुपारी एकच्या सुमारास घरी आलो. डोक्यावर ऊन असं, की टोपीत पापड भाजून निघाला असता. अंगणात पाऊल टाकलं आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. भिंतीशी एकही कुत्रं नव्हतं. तेव्हा मी त्यावर विचार केला नाही. करायला हवा होता.

दारावर खडूनं लिहिलेलं होतं. मी आणि कुंता पन्नाशी उलटल्यावर एकाच वर्गात अक्षरं शिकलो. मला मोबाईलवरचं बोलणं समजत नाही आणि तिला तो लावता येत नाही, म्हणून निरोप दारावर. मात्रा तिला अजून जमत नाही. उकार जमतो, तो तिच्या नावातच आहे. मी चष्मा लावला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायला लागलो.

'पाहुणा आला.'

माझं बोट तिथंच थांबलं.

'कुंबडा खाऊन मागं निजला.'

मी खुराड्याकडे पाहिलं. आमचा लाल कोंबडा नव्हता. पिसं मात्र अंगणभर होती.

'कडी लावली. दार उघडू नका.'

आणि शेवटी, ओल्या गोणपाटाच्या कडेनं पुसत पुसत राहिलेले दोनच शब्द: 'मी आत'.

मी ती ओळ तीनदा वाचली. मी आत. मी आत. मी आत. अक्षरं शिकलो याचा त्या दिवशी पहिल्यांदा पस्तावा झाला. तेवढ्यात घराच्या पोटातून आवाज आला. घुर्रर्र. मग थोडं थांबून पुन्हा, लांब आणि जड. घुर्रर्रर्र.

डोमाच्या ओसरीवर मी कसा पोचलो ते मला आठवत नाही. तो सांगतो, की चपला त्याच्या अंगणात मी पोचल्यावर आल्या.

"डोमा," मी म्हटलं, "माह्या घरी पाहुणा आला."

"मंग सरबत करा," डोमा म्हणाला. मग त्यानं माझं तोंड पाहिलं. "तो पाहुणा?"

"तोच. कुंता आत हाये, न कडी लावली हाये."

"कडी कोनं लावली?"

"तिनं."

"बाहेरून?"

"हो."

"मंग बाई आत कशी?"

"अरे, घागर नाही तं कायतरी राह्यलं असंल आत. ते आनाले परत गेली असंल न कडी पडली असंल मांगून. तुले माहीत नाई तिले. घागरीसाठी ते कोनाच्याही खोलीत जाईन!"

डोमानं वनरक्षक स्वप्निलला फोन लावला. तो बीटवरच, म्हणजे जंगलात गस्तीवर होता, पंधरा मिनिटांत आला. सोबत दोन माणसं आणि एक जाळं. जाळं पाहून मला अजूनच भीती वाटली. त्यातून मासासुद्धा निसटला असता. तोवर निम्मा गाव लांब उभा राहून माझ्या घराकडे पाहत होता.

स्वप्निलनं दारावरचं वाचलं, आतला आवाज ऐकला आणि मांजरासारखा दबकत परत आला.

"झोपलाय," तो हळू आवाजात म्हणाला. "कोणी ओरडू नका. डॉक्टर साहेब बेशुद्धीची बंदूक घेऊन चंद्रपूरहून निघाले. दोन तास लागतील."

"दोन तास?" मी म्हटलं. "तो उठला तं?"

"खाऊन झोपलाय, काका. लवकर नाही उठत."

"एका कोंबड्यावर?"

स्वप्निलनं पुन्हा डॉक्टरांना फोन लावला. सकाळीच मी कुंतावर भाजीतल्या मिठावरून खेकसलो होतो. सेहेचाळीस वर्षांच्या संसारातलं शेवटचं बोलणं काय, तर 'मीठ काय तळ्यात टाकलं काय'. हे घेऊन मी कुठं जाणार होतो?

तेव्हा मला ते सरकवलेलं कवेलू आठवलं. वरून निदान पाहता तरी आलं असतं, ती कोणत्या कोपऱ्यात आहे ते.

स्वप्निल पुन्हा फोनवर बोलत होता, तेवढ्यात मी डोमाच्या बाजूनं शिडी लावली. डोमानं माझं धोतर धरलं. "लटारूभाऊ, जाऊ नोका." मी धोतर सोडवून घेतलं. मी शूर माणूस नाही, हे लिहून ठेवतो. शिडीच्या प्रत्येक पायरीला मी खाली पाहिलं, की कोणी जबरदस्तीनं उतरवून घेईल काय. कोणीच उतरवलं नाही.

छपरावर तणसातून पोटावर सरकत मी आढ्यापाशी पोचलो. फटीतून गार, ओली हवा तोंडावर आली. वाळ्याचा वास. त्याही वेळी मनात आलं, की काय गारवा केला आहे! मग डोळा लावला.

आत अंधार होता. कूलरच्या जाळीतून ऊन पट्ट्यापट्ट्यांनी खाटेवर पडलं होतं. आणि खाटेवर तो होता. पिवळा. अंगावर काळे पट्टे. भलंमोठं पोट वर जात होतं, खाली येत होतं. घुर्रर्र. कुंता कुठंच दिसत नव्हती. मी ते पोट पाहिलं आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

"कुंता," मी फटीतून कुजबुजलो.

तो कुशीवर वळला. खाट करकरली.

त्याच वेळी खाली गलका झाला. स्वप्निल कोणाला तरी अडवत होता. "बाई, पुढं जाऊ नका. तुमच्या घरात पाहुणा आहे."

"मले माहीत हाये," बाईचा आवाज आला. "मीच तं कोंबडा खाऊ घातला."

गर्दी दोन पावलं मागं सरली.

"हातानं?" डोमानं विचारलं.

"नाई तं पायानं? दोनदा रस्सा मांगून घेतला त्याईनं."

तो आवाज कुंताचा होता. जिवंत, आणि नेहमीसारखा चिडलेला! मी आनंदानं गर्रकन वळलो. "कुंता!"

"अवो मयुरीचे बाबा! छपरावर काय करून राह्यले?"

उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही. माझ्या खालची बत्ती, म्हणजे छपराची लाकडी पट्टी, कडकन मोडली आणि कवेलू, तणस आणि मी, असे तिघे सरळ खाली गेलो. त्या पोटावरच पडलो. पोट मऊ होतं म्हणून हाडं वाचली. पण मी कशावर पडलो आहे, हे मला माहीत होतं. मी डोळे मिटले आणि त्याच्या मानेला मिठी मारली, म्हणजे त्याला चावता येऊ नये.

"वाघ!" तो ओरडला. "वाघ पडला माह्यावर! वाघ!"

सगळ्या गावात जो शब्द कोणी उच्चारत नाही, तो त्या खोलीतून सात-आठ वेळा बाहेर आला. तो बोलतो आहे, याचं मला आधी नवल वाटलं नाही. आपलं नाव त्यालाही माहीत असणार, एवढंच वाटलं. मग हाताला बनियन लागली.

स्वप्निलनं कडी काढली. आम्ही दोघं एकमेकांचा गळा धरून बाहेर आलो. ते गुणवंतराव होते. आमचे इवाई, माझ्या मयुरीचे सासरे. खाणीतून निवृत्त झालेले, माजरीला राहणारे, अंगानं दांडगे. आमच्या गारव्याची कीर्ती ऐकून पिवळी लुंगी गुंडाळून दोन घटका पडायला आले होते.

"कडी काऊन लावली बाहेरून?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"गारवा पळते," कुंता म्हणाली.

मी तिला दाराकडे नेलं. "हे काय लिवलं? मी आत?"

"मी आता तळ्यावर चालली, असं लिवलं होतं. तुमालेच बलवाले गेली. तुमी पाळीनं आले, मी बांधानं गेली." तिनं गोणपाटाकडे पाहिलं. "तुमच्याच फडक्यानं पुसलं."

गुणवंतरावांनी दारावरचं वाचलं. त्यांचं तोंड उतरलं. "पाहुणा आला? निजला? इहीनबाई, आले, निजले, असं नाई लिवता येत?"

कुंतानं पदर डोक्यावर ओढला. "मात्रा जमत नाई अजून, इवाईबुवा."

गाव हसायला लागला. डोमा तर खाली बसून हसला. मीही हसलो, थोडं उशिरा. फक्त स्वप्निल हसत नव्हता. तो घराच्या मागं गेला होता.

"काका," त्यानं हाक मारली, "तुमच्या भिंतीशी रोज कुत्री असतात ना? आज कुठं आहेत?"

आम्ही मागं गेलो. कूलरखालच्या चिखलात कोणीतरी अंग टाकून पडल्याचा लांब खड्डा होता. त्याच्या कडेनं पंजे उमटलेले. माझ्या तळहाताएवढे. एकेका ठशात पाणी भरत होतं, आणि ते पाणी अजून गढूळ होतं.

"सकाळपासून इथंच होता," स्वप्निल म्हणाला. "आता आरडाओरड झाल्यावर उठून गेला."

मी खिडकी पाहिली. गुणवंतरावांची खाट आणि तो खड्डा, यांच्यामध्ये एक कूलर. दोघं एकाच गारव्यात झोपले होते, एक या बाजूला, एक त्या बाजूला. मग मी ज्या घुरघुरीला भ्यालो, ती नक्की कोणाची होती, हे मी कोणाला विचारलं नाही. गुणवंतरावांनीही विचारलं नाही. ते चारच्या एसटीनं गेले. पिशवी आमच्याकडेच राहिली.

टाकीची गळती मी दुसऱ्याच दिवशी बंद केली. घर अजूनही तालुक्यात सगळ्यात थंड आहे. फक्त त्यात कोणी बसत नाही. आम्ही पुढच्या ओसरीत घाम पुसत बसतो. कोणी आलं, तर कुंता आता दारावर नीट लिहिते: 'पाहुणा. माणूस.'

परवा मी घरी आलो तर दारावर नुसतं 'पाहुणा' होतं. मी चष्मा काढायलाही थांबलो नाही, तसाच डोमाकडे गेलो. कुंता तिथं साखर मागायला आली होती.

"माणूसच हाये," ती म्हणाली. "खडू सरला."

"पाहून ये न मंग एकदा," मी म्हटलं.

तिनं साखरेची वाटी खाली ठेवली आणि माझ्या शेजारी बसली. डोमाच्या घरी कूलर नाही. फार गरम होतं. आम्ही दोघंही बराच वेळ बसलो.