वाट न पाहणारी चाळणी

अख्ख्या डोंबिवली एमआयडीसीत भंगार ईमेल गाळणारी चाळणी पहिल्यांदा मी बसवली, हे मी छातीठोकपणे सांगतो! साल १९९९. छपाईच्या शाईचा आमचा कारखाना आणि मी, दौलत, तिथला कम्प्युटर ऑपरेटर. सहा वर्षं टेम्पररी. दर दिवाळीला माझे खडवलीचे सासरे फराळाचं ताट पुढे सरकवत विचारायचे, "जावईबापू, अजून टेम्पररीच?" मग हातातली चकली मी परत ताटात ठेवायचो.

आमचे मॅनेजर बाबुराव. त्यांनी शब्द दिला होता, "दौलत, हे भंगार ईमेल बंद कर. तुला कायम करायची शिफारस मी स्वतः हेड ऑफिसला करतो."

दिवसाला चाळीस ईमेल यायचे, त्यातल्या तीस जाहिराती. बाबुरावांच्या डोक्यावर एक केस नाही, आणि रोज केस उगवायच्या तेलाची तीन-तीन पत्रं! "ह्या अमेरिकेतल्या माणसाला माझ्या टकलाचं सांगितलं कोणी?" असं म्हणून ते माझ्याकडेच बघायचे.

युक्ती साधी होती. ईमेलवर पाठवणाऱ्याच्या ठिकाणाचं नाव असतं. असं ठिकाण खरंच आहे का, ते इंटरनेटवरच्या नावांच्या यादीला विचारायचं. मुलगी देताना आपण मुलाच्या गावी चौकशी करतो, तसंच. ठिकाण खोटं निघालं की पत्र कचऱ्यात! पण एकाची चौकशी करा, उत्तराची वाट बघा, ते पत्र उतरवा, मग दुसऱ्याची चौकशी. चाळीस पत्रांना अर्धा तास! आणि इंटरनेट चालायचं फोनच्या लाइनवर. ऑफिसात फोन एकच.

"पार्टीचे फोन मी काय खिडकीतून घेऊ?" बाबुराव कडाडले.

मग मला सुचलं. वाट बघायचीच कशाला? चाळीसही चौकश्या एकदम सोडायच्या आणि पत्रं उतरवून घ्यायची. उत्तरं आपापल्या सवडीने येतील. ज्याचं आलं, त्याचं पत्र आत. लाइन तुटेपर्यंत ज्याचं आलं नाही, तो खोटा! कचरापेटी दर शनिवारी आपोआप साफ. मी इतका खूश झालो, की हेड ऑफिसलाही टिपण पाठवलं: 'उत्तर न आल्यास नकार समजावा. वाट पाहण्यात वेळ दवडू नये.'

पहिल्याच दिवशी चाळीसाची सहा पत्रं झाली. त्यातली तीन तेलाची होती, पण बाबुरावांनी पाठ थोपटली.

पुढच्या आठवड्यात कोइमतूरच्या जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. चार ईमेल पाठवले, एकाचंही उत्तर नाही! बाबुरावांनी माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, थापा मारतोय. त्याचं ठिकाणच यादीत नाही!" मी ठणकावलं.

बाबुरावांनी फोनवर त्याला तेच ऐकवलं, की तुमचं ठिकाण अस्तित्वातच नाही. गिऱ्हाईक कायमचं तुटलं.

त्यानंतर एका सोमवारी आमचा शिपाई नाथा पेढे घेऊन आला. तोही माझ्यासारखाच टेम्पररी.

"दौलतदादा, पेढा घे. मी कायम झालू!"

"कसा काय?"

"हेड ऑफिसनं शिपायांची नावं मागवलेली ना, पोस्टानं. सायबांनी लगेच धाडली."

"आणि ऑपरेटरांची?"

"तुमची ईमेलवर मागवलीत म्हनं. कम्प्युटरवाली मानसं तुम्ही!"

पेढा तोंडातच राहिला. धावत जाऊन कचरापेटी उघडली. रिकामी! शनिवार नुकताच होऊन गेला होता. तसाच टेलिफोनच्या टेबलाशी गेलो. तिथे शुभदाताई बसायच्या.

"ताई, इंटरनेटची लाइन तुम्ही कधी तोडता?"

"ईमेल उतरले की टिंग वाजतं. टिंग वाजलं की तोडते."

"अहो, चौकशीची उत्तरं मागाहून यायची असतात!"

"मला काय स्वप्न पडतं? ही बघ चिठ्ठी. 'टिंग वाजताच लाइन तोडावी.' अक्षर कोणाचं?"

अक्षर माझं होतं. चाळणीच्या आधीची चिठ्ठी, फोनवर मीच चिकटवलेली. तेलवाल्याचं ठिकाण जगजाहीर, त्याचं उत्तर टिंगच्या आधीच हजर व्हायचं. आमच्या हेड ऑफिसच्या ठिकाणाचं उत्तर रखडत यायचं, तोवर लाइन तुटलेली. त्या चिठ्ठीचा मला असा राग आला की फाडून चावून टाकावी!

बाबुरावांनी माझ्यासमोर हेड ऑफिसला फोन लावला. तिकडून कळलं, निर्णय झालाय, पत्र पोस्टात पडलंय. दोन दिवसांनी ते आलं. बाबुरावांनी मोठ्याने वाचलं: "चार तारखेच्या ईमेलला चौदापर्यंत उत्तर न आल्याने, आपल्या शाखेस ऑपरेटरची गरज नाही असे समजण्यात आले आहे. वाट पाहण्यात वेळ न दवडण्याची ही पद्धत आपल्याच श्री. दौलत यांनी सुचवली. त्यांचे अभिनंदन."

बाबुरावांनी चष्मा काढला. "अभिनंदन," ते म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दिवाळीला खडवलीला गेलो. सासऱ्यांनी ताट पुढे सरकवलं. "जावईबापू, अजून टेम्पररीच?"

मी काहीच बोललो नाही. माझी बायको मालू ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. सासऱ्यांनी फार वाट पाहिली नाही. काय समजायचं ते समजले आणि चकलीचा डबा झाकण लावून फळीवर ठेवून आले.