अक्कांची दाढ

शेवंताअक्का दवाखान्यात शिरल्या की पेशंटच्या आधी डॉक्टरच आ वासतो. अक्का मूळच्या निपाणीच्या. राजाजीनगरात आमच्या समोरच्या दारात एकट्याच राहतात आणि आरोग्य खात्यातर्फे दातांचे दवाखाने तपासतात. अवजारं वाफेनं नीट निर्जंतुक होतात का, वापरलेल्या सुया कुठं टाकतात, हे बघायचं त्यांचं काम. ते घरीही सुटत नाही. मी पुण्याहून या कन्नड शहरात नवीन आले तेव्हा त्यांना चहाला बोलावलं, तर आधी कप उलटा करून बघितला. ‘‘राग नको गं अनघा, सवय आहे,’’ म्हणाल्या आणि दुसरा कपही मागून प्यायल्या.

मध्यंतरी अक्कांची दाढ सुजली. आसपासचा प्रत्येक डॉक्टर अगदी आनंदानं उपटायला तयार होता. अक्का मात्र ठाम.

‘‘आज त्याच्यापुढं तोंड उघडलं, तर उद्या त्याच्यासमोर तोंड कसं उघडू?’’

लवंग दाबून त्या तपासणीला जातच राहिल्या. शेवटी गाल पुरीसारखा फुगला आणि मी गाडी काढली. शहराबाहेरचं देवनहळ्ळी अक्कांच्या तपासणीच्या हद्दीत येत नाही, म्हणून तिथं.

तरुण डॉक्टरीणबाईंनी खुर्चीत बसवलं. अक्कांनी तोंडाऐवजी हात उघडला आणि अवजारांचं पाकीट मागून घेतलं.

‘‘पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला नाही. वाफ आत पोचली नाही. परत घाला.’’

‘‘मॅडम, तुम्ही कोण?’’

‘‘पेशंट.’’

वाफेचं यंत्र परत सुरू झालं. गाल धरून बसल्या बसल्या अक्कांना बेसिनपाशी अवजारं घासणाऱ्या मदतनीस लक्ष्मम्मा दिसल्या. हातात पातळ मोजे. अक्का उठल्याच.

‘‘टोचलं म्हणजे? जाड मोजे कुठं आहेत?’’

‘‘फाटले हो. नवीन सोमवारी येतील,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

‘‘सरी, ठीक. मी थांबते की.’’

‘‘सोमवारपर्यंत?’’

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. ‘‘अनघा, कोपऱ्यावर हार्डवेअरचं दुकान आहे बघ.’’

मी रबरी मोजे आणले. लक्ष्मम्मांनी ते कोपरापर्यंत चढवले, तेव्हा कुठं अक्का खुर्चीत आडव्या झाल्या.

मग भुलीची सुई समोर आली आणि अक्कांनी डोळे गच्च मिटून घेतले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सुयांचा हिशेब मागणारी ही बाई! डॉक्टरीणबाईंचा आवाज मऊ झाला.

‘‘घरचं कुणी आलंय का सोबत?’’

अक्कांनी डोळे उघडून दाराकडे बघितलं. मी तर बाहेर थांबायला म्हणून दारापाशी पोचले होते.

‘‘आलीय की,’’ सुजलेल्या गालातून शब्द आले. ‘‘ती काय. माझी तंगी.’’

कन्नडमध्ये धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात, एवढं मला कळत होतं. मी मागे फिरले, स्टूल ओढलं आणि त्यांचा हात धरला. दाढ निघेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. बोटं ठणकायला लागली, तरी मीही नाही.