चौगुले सरांचे पहारेकरी

आमच्या शाळेच्या नाटकात राजा एक असायचा आणि पहारेकरी तीसेक. मूळ नाटकात दोनच, तेही मुके. पण दिग्दर्शक चौगुले सर होते. तालमीच्या दारात एखादं पोर रेंगाळताना दिसलं, की सर हाक मारायचे, "नुसतं बघतंयस काय? भाला घे!"

सर शिकवायचे भूगोल. दिवाळी सरली की मात्र नकाशे गुंडाळून जुनी नाटकं बाहेर काढायचे. एक पौराणिक, एक ऐतिहासिक आणि स्नेहसंमेलनाला संगीत नाटक. नव्वदीच्या त्या वर्षांत बाकीच्या शाळा सिनेमाच्या गाण्यांवर नाचत होत्या. आमच्याकडे नांदी व्हायची. पेटीवर मी, शाळेचा गाण्याचा मास्तर. मूळचा पुण्याचा, म्हणून कोल्हापुरात इतकी वर्षं काढूनही सरांच्या लेखी 'पावणं'च.

एकदा मी न राहवून म्हटलं, "सर, राजा-राणी एकांतात बोलतायत. तिथं एवढे भालेवाले कशाला?"

"राजा म्हंजे काय ऐरागैरा हाय व्हय, पावणं? एकांतालाबी पहारा लागतोय की!"

मग ऐन शोकाच्या पदात भाले एकमेकांत अडकायचे, आणि सर विंगेतून ओरडायचे, "पोरांनो, आवाज कळंब्याच्या तळ्यापतोर गेला पायजे!" जायचा तो सरांचाच.

एका वर्षी स्नेहसंमेलनाच्या सकाळी आमच्या राजाला कांजिण्या आल्या. नाटक दुपारी. अख्खं नाटक पाठ असलेला माणूस शाळेत एकच. सर "न्हाय, न्हाय" म्हणत असतानाच आम्ही त्यांना मिशा चिकटवल्या.

पडदा उघडला. सर सिंहासनावर. मी सूर दिला. सर गप्प. पुन्हा दिला. ओठ हलले, आवाज फुटेना. प्रेक्षकांत खसखस पिकली. तेवढ्यात सातवीतल्या एका पहारेकरणीनं भाला आपटला.

"महाराजांचं म्हणणं असं आहे की..." आणि राजाचं वाक्य तिनं खणखणीत म्हटलं. पुढचं दुसऱ्यानं उचललं, त्यापुढचं तिसऱ्यानं. पद तर सगळ्यांनी मिळून गायलं. महाराज नुसती मान डोलवत राहिले. टाळ्या थांबेनात.

नाटक संपल्यावर सर रंगपटात एकटेच बसलेले दिसले. मी विचारलं, "सर, काय झालं हो?"

"सवय न्हाय, पावणं. गारगोटीला शाळेत हुतो, तवा गुरुजी म्हणायचे, तुझं तोंड राजाचं न्हाय. दरसाल मला पडद्याची दोरी. आई गावाकडनं यायची, पुढं बसायची. पडदा उघडला की एकटीच टाळ्या वाजवायची. तेवढंच माझं काम."

"आई आता कुठं असतात?"

"घरात. अंथरुणातनं उठवत न्हाय आता तिला. दरवर्षी इचारती, नाटकात तू काय हुतास? मी म्हणतो, सगळंच मी बसवलंय. तिला ते काय पटत न्हाय."

मी रंग पुसायला खोबरेल तेल आणि फडकं पुढं केलं. सरांनी माझा हात बाजूला सारला.

"ऱ्हाऊ दे. असाच जातो."

जरीचा अंगरखा सावरत ते बाहेर लूनापाशी गेले. मुकुट आधी हँडलला अडकवला. मग काय वाटलं कोण जाणे, परत डोक्यावर ठेवला, नीट बसवला, आणि पायडल मारलं.