सिमसिमिया, भाग पहिला

मनावर घेतलं तर पुस्तकावरून माणूस काहीही शिकू शकतो, असं मी पोर्ट सईदमधल्या प्रत्येक कॉफीच्या दुकानात छातीठोकपणे सांगायचो. पुस्तकावरून मी रेडिओ दुरुस्त केला. (त्यानंतर त्यावर फक्त ग्रीस देशाचं स्टेशन लागायचं, पण काय स्वच्छ लागायचं!) माझी बायको इन्शिराह वारल्यावर मलूखियाची भाजीही मी पुस्तकावरूनच केली. माझी मुलगी रावया म्हणाली, "बाबा, छान झालीय." आणि समोरच्या उम्म लुत्फींकडे जेवायला गेली.

मग सिमसिमियाचं काय एवढं? लाकडाची चौकट, खाली एक वाडगं आणि पाच तारा! मी उभा जन्म कालव्यात जहाजं धक्क्याला बांधायचं काम केलं. हत्तीच्या सोंडेएवढे दोर ओढले. त्या हातांना पाच तारा भारी पडणार?

आमच्याकडे सिमसिमिया कुणी पुस्तकातून शिकत नाही. वाजवणाऱ्यांच्या गोलात जाऊन बसायचं, वर्षानुवर्षं नुसत्या टाळ्या द्यायच्या, मग कधीतरी कुणीतरी ती हातात देतं. मला एवढा वेळ नव्हता. रावयाचं लग्न तोंडावर आलं होतं.

खरं तर ते वर्षापूर्वीच व्हायचं होतं. इन्शिराह गेली म्हणून लांबलं. ती असताना मोहल्ल्यातल्या कुठल्याही मुलीची मेंदी तिच्या गाण्याशिवाय झाली नाही. आता रावया म्हणत होती, "मेंदीला गाणीबिणी नकोत, बाबा. आई नाही तर कोण म्हणणार?"

ते मला ऐकवेना.

"मी वाजवणार!" मी म्हटलं.

"तुम्ही?"

"मी!"

"बाबा, ऐका ना, वगदीच्या आईसमोर..."

"अगं, आत्ता काय ऐकायचं त्यात? मेंदीच्या दिवशी ऐक!"

वगदी म्हणजे होणारा जावई. पोरगा गरीब स्वभावाचा. त्याची आई हज्जा तफीदा मात्र नखशिखांत कडक इस्त्री. साखरपुड्याला कुणीतरी सिगारेट पेटवली, तर त्यांनी ऐन थंडीत घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि आम्ही दात वाजवत केक खाल्ला. त्यांचे यजमान हाज बय्यूमी मसाल्याचे व्यापारी. ताईत, कॉफीचा कप वाचणं, भुतंखेतं असलं काही निघालं की ते उठून जायचे. "मागासलेपणा!" हा त्यांचा आवडता शब्द. असं घर. तिथे माझी मुलगी जाणार होती. तेव्हा आपणही कुणीतरी आहोत हे दाखवायला नको?

पुस्तक बंदराजवळच्या फुटपाथवर मिळालं. 'सिमसिमिया: गुरूविना लोकसंगीत, भाग पहिला'. कोळ्यांची धाटणी, बंदरावरच्या नाचाची धाटणी, लग्नाची धाटणी, सगळं आकृत्यांसकट! उजव्या हाताने पाचही तारा एकदम छेडायच्या आणि नको त्या तारा डाव्या हाताच्या बोटांनी गप्प करायच्या. माझी बोटं दोरामुळे जाड झालेली. एक गप्प करायला गेलो की तीन गप्प व्हायच्या. लग्नाची धाटणी वाजवली की भरलेलं ताट जिन्यावरून खाली गेल्यासारखं वाटे. वरच्या गच्चीतली कबुतरं दोन दिवसांत दुसऱ्या इमारतीवर राहायला गेली.

पुस्तकाच्या अगदी शेवटी एक धडा होता. 'जुनी पारंपरिक चाल. संथ. नवशिक्यांसाठी सोपी.' मी एकेक तार लावून पाहिली. दुसऱ्या ओळीत हात थांबला.

ही चाल माझ्या ओळखीची होती. तांदूळ धुताना इन्शिराह हीच गुणगुणायची. शब्द नाहीत, काही नाही, नुसती गुणगुण आणि नळाचा आवाज. मी वाद्य मांडीवरून खाली ठेवलं. मग दार लावून घेतलं आणि दुसरं काहीही न वाजवता तेवढंच वाजवत राहिलो.

ठरलं! मेंदीला हीच चाल. रावयाला तिची आई ऐकवायची!

एके दिवशी उम्म लुत्फींनी समोरच्या बाल्कनीतून मला हाक मारली. "अबू रावया! ही चाल कुठून उचललीत?"

"पुस्तकातून!"

"पुस्तकात आहे ही? अहो, पण ही चाल मेंदीला..."

"इन्शिराहची होती! मला सगळं ठाऊक आहे."

"ठाऊक आहे तुम्हाला?" त्यांचे डोळे मोठे झाले. "सगळं?"

"नवऱ्याला नाही तर कोणाला असणार?"

"आणि तुमची हरकत नव्हती?"

"हरकत कसली? मला तर अभिमान आहे!"

उम्म लुत्फींनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की जणू मी मोहल्ल्यातला पहिला शहाणा पुरुष होतो. मला ते पटलंही.

मेंदी बुधवारी, गच्चीवर, दुपारच्या नमाजानंतर. एका बाजूला सतरंज्यांवर बायका, मध्ये रावया, दोन्ही हात मेंदीच्या कपड्यात गुंडाळलेले. दुसऱ्या बाजूला खुर्च्यांवर पुरुष आणि चहा. मधोमध मी, मांडीवर सिमसिमिया, तोंडासमोर माईक. माईक आधी बोलण्यासाठी! "बंधूंनो, लोक म्हणतात गुरूशिवाय विद्या येत नाही..." असं सुरू करून मी बराच वेळ बोललो. रावया खुणा करत होती. मी तिला हातानेच थांबवलं. मग वाजवायला लागलो.

पहिल्या फेरीत बायकांचं बोलणं बंद पडलं. मला वाटलं, वा!

दुसऱ्या फेरीत उम्म लुत्फी दोन्ही हात हवेत हलवायला लागल्या. मला वाटलं, दाद! मी जोर वाढवला.

तिसऱ्या फेरीत हज्जा तफीदांची मान डोलायला लागली. मी मनात म्हटलं, बघा, कडक बाई, पण कान आहे! मान डावीकडे, उजवीकडे, मग गोल. डोक्यावरचा रुमाल सुटला. त्या उठल्या, कमरेतून वाकल्या, सरळ झाल्या, पुन्हा वाकल्या. आणि मग त्यांच्या पोटातून एक जाडाभरडा पुरुषी आवाज आला.

"सिगारेट!"

हाज बय्यूमींच्या हातातला चहाचा ग्लास खाली पडला. "तफीदा?"

"कोण तफीदा? उभा राहा! कोटाची बटणं लाव!"

हाज बय्यूमी उभे राहिले. बटणंही लावली!

आता तुम्हाला सांगतो, आणि हे मलाही त्याच क्षणी कळलं. बायकांचा झार असतो. बंद दारामागे, ढोल आणि तारांवर. तिथे ज्याची त्याची चाल ठरलेली असते. आपल्या साहेबाची, म्हणजे अंगात येणाऱ्या भुताची, चाल लागली की बाईच्या अंगात येतं. आलेल्या साहेबाचा मान राखायचा, मागेल ते द्यायचं आणि चाल शेवटपर्यंत वाजवून त्याला नीट निरोप द्यायचा. मी वाजवत होतो ती चाल लाल टोपीवाल्या तुर्की अंमलदाराची होती. बेसाहेबांची! पुस्तकात फक्त 'संथ' लिहिलं होतं!

मी घाबरून हात उचलला. हज्जा धाडकन गुडघ्यांवर बसल्या आणि कण्हायला लागल्या.

"थांबू नका!" उम्म लुत्फी ओरडल्या. "अर्ध्यात सोडलंत तर बाई अर्ध्यातच राहील! शेवट वाजवा! निरोपाचं वाजवा!"

मी वाजवलं. शेवटच्या ओळीपर्यंत गेलो. तिथे पुस्तकात छापलं होतं: 'या चालीचा उरलेला भाग दुसऱ्या भागात पाहावा.'

दुसरा भाग अजून छापलेलाच नव्हता!

करतो काय? पुन्हा पहिल्यापासून. आणि पहिल्यापासून वाजवलं की बेसाहेब पुन्हा नव्याने यायचे, जास्त जोरात! "लाल कापड!" कुणीतरी मेजावरचं कापड ओढून त्यांच्या खांद्यावर घातलं. "टोपी!" टोपी कुठून आणायची? वगदीने गडबडीत मेंदी कालवलेलं लाल प्लॅस्टिकचं भांडं आईच्या डोक्यावर पालथं घातलं. आत अजून मेंदी होती. ती बेसाहेबांच्या कपाळावरून ओघळायला लागली. "सिगारेट कुठे आहे? ही काय पलटण आहे?"

"पुरे!" हाज बय्यूमींचा आवाज फुटला. "हा माणूस भर मेंदीत झार घेऊन आला! माझ्या बायकोला नादी लावलं! मागासलेपणा! हे लग्न मोडलं! वगदी, चल!"

वगदी हलला नाही. मी रावयाकडे पाहिलं. पाहायला नको होतं. ती मेंदीचे हात छातीशी धरून उभी होती. वर्षभर वाट पाहिली होती तिने. माझ्या दुःखासाठी थांबली होती, आणि मी तिच्या दिवसावर असा उभा राहिलो होतो.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "आता तरी कुणाला तरी विचारा."

लाजेने माझे कान पेटले होते. बोटं सोलली होती. मी माईकमध्ये म्हटलं, "मला पुढचं येत नाही. इथे कुणाला येतं का?"

सगळ्या बायकांनी माना खाली घातल्या. जिने तिने समोर खुर्चीवरच्या आपापल्या नवऱ्याकडे चोरून पाहिलं. येतं म्हणायचं म्हणजे कुठून येतं तेही सांगायचं! मी पाच तारा छेडतच राहिलो.

मग उम्म लुत्फींनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. पुढची ओळ. त्यांच्यामागे बेकरीवाल्याची बायको. मग शिक्षकाची बायको. मग सगळ्या! एकीलाही कुठे अडायला झालं नाही, कुणाला शब्द आठवावे लागले नाहीत. टाळ्यासुद्धा एका ठेक्यात! समोरचे नवरे तोंड उघडे टाकून बसले होते. मी कसाबसा मागे मागे छेडत होतो. बहुतेक तारा गप्पच करत होतो, तेच बरं वाटत होतं.

निरोपाची ओळ जवळ आली. बेसाहेब हाज बय्यूमींसमोर जाऊन उभे राहिले.

"शिपाई! लग्न कधी आहे?"

"लग्न... मोडलं..."

"काय?"

"उद्या, बेसाहेब!"

"सिगारेट!"

हाज बय्यूमींनी कुणाकडून तरी सिगारेट घेतली, पेटवली आणि पुढे केली. बेसाहेबांनी एक झुरका घेतला, ती परत त्यांच्या हातात दिली, आणि गाणं संपलं.

हज्जा सतरंजीवर बसल्या. डोळे चोळले. डोक्याला हात लावला.

"हे भांडं माझ्या डोक्यावर कुणी ठेवलं?" मग नाक वर केलं. "आणि इथे सिगारेट कोण ओढतंय? शी! तुम्ही? या वयात?"

हाज बय्यूमींनी ती विझवली.

लग्न दुसऱ्या दिवशी झालं. बँड आणला होता. मला वाद्याच्या आसपास फिरकू दिलं नाही. मोहल्ल्यातले पुरुष मला अजून सलाम करत नाहीत, कारण त्या रात्री प्रत्येक घरात काय बोलणं झालं असेल ते तुम्हीच ओळखा. मी पुस्तक वरच्या फळीवर टाकलं आणि आठवडाभर घराबाहेर पडलो नाही.

मग हज्जा तफीदा एकट्याच आल्या. चकचकीत इस्त्री, कपाळावर मेंदीचा पुसट डाग. मी चहा ठेवला आणि माफी मागायला सुरुवात केली. चहाला उकळी आली तरी माझी माफी संपेना.

"अबू रावया," त्यांनी मला अडवलं. "आमचं घराणं तुमच्या घराशी कसं जुळलं, कधी विचारलंत का?"

"कसं?"

"मी आणि इन्शिराह मंगळवारी भेटायचो."

"शक्य नाही! मंगळवारी ती बोटीने पलीकडे पोर्ट फुआदला बहिणीकडे जायची!"

"बहीणपण यायची."

मी खुर्चीवर बसलो. इतकी वर्षं मी दर मंगळवारी तिला धक्क्यापर्यंत सोडायला जायचो. वाटेत मी जहाजांच्या गोष्टी सांगायचो.

"तिच्या साहेबांना काय हवं असायचं?" मी विचारलं. "लाल कापड? चांदीची अंगठी? माझ्याशी बोलली असती तर मी आणून दिलं असतं."

हज्जा चहात साखर ढवळत राहिल्या. "इतरजणी तसलंच मागायच्या. इन्शिराहला विचारलं की ती एकच सांगायची. माझ्या नवऱ्याने मला एखादी गोष्ट विचारावी, आणि उत्तर संपेपर्यंत थांबावं."

"मग?"

"मग झारची मोठी बाई म्हणायची, इन्शिराह, त्यापेक्षा उंट माग. उंट निदान कुठून तरी आणता येईल. सगळ्या हसायच्या. तीसुद्धा हसायची. एकदा मात्र हसून झाल्यावर ती मला म्हणाली..."

"अहो, पण असं कसं?" मी म्हणालो. "मी तर तिचं सगळं ऐकायचो! एकदा तर काय झालं..."

हज्जांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.