पोंक्ष्यांची होडी चालू आहे

येत्या रविवारी खडकवासल्याच्या शर्यतीत आपलीच होडी पहिली येणार, असं यज्ञेश्वर पोंक्षे धायरीतल्या आपल्या सोसायटीत ज्याला त्याला सांगत सुटले होते. ती अजून एकदाही पाण्यात उतरली नव्हती, हा तपशील त्यांना किरकोळ वाटे. खडकीच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी दुसऱ्यांच्या यंत्रांची ड्रॉइंग काढण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर ही दोन माणसांची जुनी शर्यतीची होडी त्यांनी घेतली आणि हात धुऊन तिच्या मागे लागले. भाजीच्या हातगाडीच्या चार चाकांवर चढून ती दोन वर्षं त्यांच्या पार्किंगमध्ये बसली होती.

आडवे आले ते सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर लेले. शनिवारी सकाळीच त्यांनी पोंक्ष्यांना गाठलं.

"पोंक्षे, पार्किंगमध्ये फक्त चालू वाहन ठेवता येतं. होडी हे वाहन आहे, मान्य. चालू आहे का, एवढंच विचारतोय."

"उद्या शर्यतीत बघालच."

"मीटिंग आज संध्याकाळी आहे. बंद वाहनं भंगारात द्यायचा ठराव येतोय. दोन स्कूटर, आणि आपण. म्हणजे, आपली होडी."

आयुष्यात एवढी एकच गोष्ट पोंक्ष्यांनी स्वतःच्या हौसेसाठी केली होती, आणि ती भंगारवाल्याच्या टेम्पोत जाणार? त्यांनी बाह्या वर सारल्या.

"दुपारी या. चालू करून दाखवतो."

"चारनंतर येईन. त्याआधी मी झोपतो."

या होडीचं खरं वैभव म्हणजे तिचा स्पिनेकर. वारा पाठीमागून आला की पुढे फुगणारं भलंमोठं केशरी शीड. ते वर चढवायला एक दोरी, आणि खालचे दोन कोपरे धरायला डावी-उजवीकडे एकेक. दोऱ्या तीनच, पण कशातही न अडकता त्या सगळ्याच्या बाहेरून फिरून हाताशी यायला हव्यात. पोंक्ष्यांनी पहिल्यांदा ओवल्या त्या डोलकाठीच्या तारेच्या आतून गेल्या. सोडल्या, पुन्हा ओवल्या, तर डावी उजवीकडे आली. शेवटी सगळं जमलं, तेव्हा चष्म्याची दोरीही त्यात ओवली गेली होती.

पहिल्या मजल्याच्या बाल्कनीतून पद्मजाबाईंनी विचारलं, "अहो, जेवायला येताय, की स्वतःलाही तिथंच बांधून घेतलंय?"

"भूक नाही," पोंक्षे म्हणाले आणि चष्मा सोडवायला लागले.

चारनंतर त्यांनी होडी मोकळ्या जागेत ढकलत आणली आणि तिचं तोंड गेटकडे केलं. चाकांखालच्या विटा पार्किंगमध्येच राहिल्या. पाण्याचा टँकर नुकताच बाहेर गेला होता, त्यामुळे गेट सताड उघडं होतं. पलीकडे रस्ता उताराचा, आणि उताराच्या तळाशी सर्जेरावांचा गोठा.

श्यामसुंदर तोंडावर पाणी मारून आले.

"चढा आत. मला आणखी दोन हात लागतील," पोंक्षे म्हणाले. "घरी कपडे वाळत घालायची दांडी वर कोण ओढतं?"

"मीच."

"मग झालं. ही दोरी ओढायची, शीड वर. बाकीच्या दोन माझ्याकडे."

श्यामसुंदरांनी दोरी ओढली. केशरी शीड सरसर वर गेलं, आणि नेमका त्याच वेळी दोन इमारतींच्या मधून वारा आला. शीड फुलक्यासारखं टम्म फुगलं.

"पोंक्षे, ही चाललीय."

"चालणारच."

"तसं नाही. खरंच चाललीय!"

होडी गेटमधून बाहेर पडली आणि रस्त्याला लागली.

"शीड खाली घ्या! दोरी सोडा!" पोंक्षे ओरडले.

"सोडू कशी? खुंटीला गुंडाळून वर दोन गाठी मारल्यात. घरी एकदा ओल्या चादरी डोक्यावर पडल्या, तेव्हापासून मी जास्तीची गाठ मारतो."

बाल्कनीतून पद्मजाबाईंचा खणखणीत आवाज आला. "अहो, आधी तुमच्या हातातल्या सोडा!"

त्यांचं अगदी बरोबर होतं. पोंक्ष्यांनी दोन्ही दोऱ्या लगामासारख्या गच्च ओढून धरल्या होत्या, आणि ते जितकं ओढत होते तितकं शीड जास्तच फुगत होतं. नुसत्या मुठी उघडल्या असत्या तरी ते फडफडत मोकळं झालं असतं. पोंक्ष्यांना ते कळलंही. पण दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं शीड असं भरलं होतं. एकाही दोरीला गुंता नव्हता, एकही कुठे अडकली नव्हती. त्यांना इतका आनंद झाला होता की सोडवेना.

होडी सर्जेरावांच्या कडब्याच्या गंजीत शिरली तेव्हा कुठे थांबली. सर्जेराव धार काढायची थांबवून बाहेर आले. सोसायटीची जमीन एके काळी त्यांचीच, त्यामुळे तिथल्या माणसांचं त्यांना फारसं नवल राहिलं नव्हतं.

"सायेब, पानी हितं न्हाई. धरान तिकडं हाय." मग कडब्यातून वर आलेले पाय बघून त्यांनी विचारलं, "ह्ये कोन?"

"आमचे सेक्रेटरी."

सर्जेरावांनी आधी सेक्रेटरी ओढून काढले, मग ट्रॅक्टर लावून होडी.

संध्याकाळच्या मीटिंगमध्ये श्यामसुंदर कॉलरमधला कडबा काढत उभे राहिले. "होडी चालू आहे. मी स्वतः बसून पाहिलंय." पुढे कुणी काही विचारलं नाही. ठरावातून होडी वगळली गेली आणि पोंक्ष्यांचे डोळे भरून आले. मीटिंग संपल्यावर श्यामसुंदर हळूच जवळ आले.

"उद्या तुमच्याबरोबर दुसरं कोण आहे?"

"पद्मजा नाही म्हणालीय."

"मग मी येतो. गाठी मारणार नाही."

रविवारी शर्यत सुरू झाली. पोंक्ष्यांनी दोऱ्या एकदाच ओवल्या आणि त्या बिनचूक बसल्या. श्यामसुंदरांनी शीड चढवलं, दोरीला एकही गाठ न मारता. सगळ्या होड्या बाजूने येणाऱ्या हलक्या वाऱ्यावर हळूहळू पुढे निघून गेल्या. पोंक्ष्यांचं केशरी शीड मात्र दांडीवरच्या ओल्या चादरीसारखं लोंबत राहिलं. काठावरचं झाड जिथे होतं, तिथेच होतं. पोंक्षे दोन्ही दोऱ्या मुठीत धरून, दात आवळून, सरळ पुढे बघत होते.

शेवटी श्यामसुंदरांनी वाकून पाण्याकडे नीट पाहिलं.

"पोंक्षे," ते म्हणाले, "इथे उतार नाही."