आत : काही नको, कोरा

"यापुढे गिऱ्हाइकाला एक अक्षर विचारायचं नाही," असं अंगठीवाल्याने एका सकाळी जाहीर केलं, आणि तिथेच घोळ सुरू झाला.

त्याचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. काउंटरवर बायको, आणि मागे काचेच्या पार्टिशनआड दिव्याखाली तो. दारावर पाटी : 'तुमच्या मनातली अंगठी बनवून मिळेल.' लोकांच्या मनात काय काय असतं हे अशी पाटी लावल्याशिवाय कळत नाही. एका मॅनेजरला टेबलावर हात आपटला की दणका ऐकू येईल अशी अंगठी हवी होती. एकाला स्कूटरच्या रंगाचा खडा हवा होता. एका बाईंना (वय सांगितलं नाही, हेतू सांगितला) नणंदेपेक्षा मोठी, पण मुद्दाम मोठी केलीय असं न वाटणारी अंगठी हवी होती. ती त्याने करून दिली, आणि आठवड्याच्या आत नणंद ऑर्डर घेऊन हजर! तेव्हापासून स्वारीच्या डोक्यात हवा गेली.

"मला माणूस बघितला की मन कळतं आणि हात बघितला की बोटाचं माप," तो म्हणाला. "विचारायचं काय त्यात? डॉक्टर काय पोटाला विचारतो?"

"पोटाला नाही, पेशंटला विचारतो," बायको म्हणाली. "बरं, चिठ्ठीतलं काही अडलं तर निदान मला तरी विचारा."

"तू फक्त लिही. वाचायचं माझ्यावर सोड."

त्याच दुपारी चौकातल्या ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर आला. खुर्चीत बसला तरी उजवा पाय सारखा ब्रेक शोधत होता.

"बायको दीड महिना बहिणीकडे जाऊन बसलीय," तो अंगठीवाल्याच्या बायकोला म्हणाला. "म्हणते, तुम्ही माझं ऐकतच नाही."

"पण तिचं म्हणणं काय आहे?"

"ते मी नीट ऐकलं नाही."

बायकोने पेन उघडलं. मास्तरने आपल्या बायकोची जुनी अंगठी मापाला दिली आणि हिरवा खडा निवडला. "हा शेवटचा उपाय हो, वहिनी. यानेही नाही आली, तर ती काही येत नाही."

"आत काही लिहायचंय? नाव, तारीख?"

"काही नको. आतला भाग कोरा. मी लिहायला गेलो की चुकतंच."

बायकोने चिठ्ठीत लिहिलं : 'आत : काही नको, कोरा.'

पार्टिशनआड अंगठीवाल्याने ती चिठ्ठी वाचली. परत वाचली. मग त्याच्या अंगावर काटा आला. 'काही नको' असं कोरा! काय नवरा आहे! रुसलेल्या बायकोला सांगतोय, तू आलीस की मला दुसरं काही नको! (नुसत्या चिठ्ठीने डोळ्यांत पाणी यावं असा हा माणूस, पण रोज घरात कांदा बायकोच चिरायची.) त्याने श्वास रोखून कोरणी चालवली. 'काही'ची वेलांटी तर अशी काढली की स्वतःच दोनदा भिंगातून बघितली. बायकोलाही न दाखवता डबी बंद केली, वर रिबीन बांधली आणि मास्तरच्या हातात दिली. मास्तर डबी घेऊन थेट मेहुणीच्या घरी.

दुसऱ्या दिवशी मास्तर लालबुंद होऊन दुकानात शिरला.

"हे काय कोरलंत आत?"

"तुम्ही सांगितलंत ते."

"मी म्हटलं, काही नको!"

"तेच कोरलंय."

"अहो, कोरा म्हटलं होतं!"

"म्हणून तर कोरलं!"

"कोरा म्हणजे कोरा हो! कोऱ्या कागदासारखा कोरा!"

अंगठीवाल्याच्या हातातला चिमटा खाली पडला. बायकोने चिठ्ठी उचलून पाहिली. "स्वल्पविराम माझा," ती म्हणाली, "शहाणपण यांचं."

"तिने वाचलं आणि एक शब्द न बोलता आत निघून गेली," मास्तर म्हणाला. "संपलं सगळं."

तेवढ्यात दारात मास्तरची बायको उभी राहिली. हातात बॅग, बोटात हिरवा खडा.

"हे कोणी कोरायला सांगितलं?"

मास्तरने अंगठीवाल्याकडे पाहिलं, अंगठीवाल्याने आपल्या बायकोकडे.

"वीस वर्षं हे विचारतात, तुला काय आणू?" ती म्हणाली. "मी म्हणते, काही नको. आणि हा माणूस खरंच काही आणत नाही! माझे शब्द यांच्या कानात शिरलेत, हे मला काल पहिल्यांदा दिसलं. काही नको म्हणणारीला अंगठी द्यायची असते, एवढं कळलं ना? चला घरी. गाडी मी चालवते."

मास्तर खरं काय ते सांगायला तोंड उघडणार, तोच काउंटरवरून वहिनींनी डोळे वटारले. (त्याचा ब्रेक त्या दिवशी वेळेवर लागला.)

दोघं गेली. अंगठीवाल्याची बायको किती तरी वेळ रस्त्याकडे बघत राहिली. तिला फार बरं वाटलं होतं आणि थोडं वाईटही. अठरा वर्षं ती अंगठ्यांच्या दुकानात बसत होती, आणि तिच्या बोटात एकही अंगठी नव्हती.

"बघितलंस?" अंगठीवाला फुगून म्हणाला. "न विचारता! बरं, तुला काय हवंय?"

"काही नको."

आता मात्र तो शहाणा झाला होता! गालातल्या गालात हसत तो कामाला लागला. आठ दिवस लपूनछपून खपला. माप विचारायचा प्रश्नच नव्हता, रोजचा डोळ्यांसमोरचा हात. आत कोरलं : 'सगळं कळतं.'

बायकोने डबी उघडली. क्षणभर तिचा चेहरा असा उजळला की अंगठीवाल्यालाच लाजल्यासारखं झालं. तिने अंगठी बोटात घातली. अंगठी गोल फिरली. मधल्या बोटात घातली, तिथूनही घसरली. पहिल्या बोटात तेच. शेवटी अंगठ्यात मात्र अगदी घट्ट बसली.

"मी... लगेच लहान करून देतो," तो पुटपुटला. "जरा हात दे बघू."

"राहू दे की."

ती अंगठी अजूनही तिच्या अंगठ्यातच असते. गिऱ्हाईक विचारतं, "अय्या, ही नवी फॅशन का हो?"

"फॅशन कसली," ती पार्टिशनला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, "यांना माझ्यातलं किती कळतं, त्याचं माप आहे हे."