व्होल्ट खातंय कोन?

काशीमीऱ्याच्या म्हात्रेदादांसमोर गाडी 'मेली' म्हणायची सोय नव्हती. हातातलं काम टाकून ते अंगावर यायचे. "मेली? तू नाडी बगलीस? मंग सुतक कसलं सांगतोस?"

दादा जवळच्याच मोरवा गावचे. वडील मिठागरावर कामाला, हे मात्र विजेच्या नादी लागले आणि हायवेलगत गाड्यांच्या वायरिंगचं दुकान थाटून बसले. गळ्यात कायम व्होल्ट मोजायचा मीटर, त्याच्या लाल-काळ्या वायरी पोटावर लोंबत. आमच्या शांती नगरात सत्यनारायणाला बोलावलं, तर हा माणूस प्रसादाआधी जिन्याखालच्या मीटरबॉक्सकडे वळला!

दोन हजार सहा साल असेल. माझ्या धाकट्या भावाचं, संजूचं लग्न वसईला. मुहूर्त बारा दहाचा. वऱ्हाडाची बस काशीमीऱ्याला चहाला थांबली ती पुन्हा सुरूच होईना. स्टार्टर फिरतोय, इंजिन धरत नाही. ड्रायव्हरने जवळचा मेकॅनिक आणला. त्याने तपासायचं मशीन जोडलं आणि मान हलवली. "कंट्रोल मॉड्यूल डेड है. नया मंगाना पडेगा, दो दिन."

इंजिनात डिझेल कधी आणि किती सोडायचं ते ठरवणारा डबा म्हणजे हा मॉड्यूल. आत्या रडायलाच लागली. मी दादांच्या दुकानाकडे धावलो.

दादांनी मीटर लावला. बॅटरीवर साडेबारा, मॉड्यूलवरही जवळपास तेवढेच. मेकॅनिक हसला. "देखा?"

"बसल्या जागी सगलेच पैलवान," दादा म्हणाले. "वजन उचलताना बगू. मार रे स्टार्टर!"

स्टार्टर घरघरला. बॅटरीवर साडेदहा, मॉड्यूलवर फक्त सात!

"उपाशी हाय बिचारा!" दादा ओरडले. "सात व्होल्टात तो डिझेल सोडनार कसा? साडेतीन वाटंत खातंय कोन?"

आता अख्खं वऱ्हाड बसभोवती. दादांनी आधी लाल वायर तपासली. "ही साव हाय." मग अर्थिंगची काळी वायर. पुन्हा स्टार्टर. मीटरवर शून्याच्या जागी साडेतीन आले आणि दादांनी उडीच मारली. "गावला चोर!"

ते बसखाली सरपटले. मागोमाग मुंडावळ्या वर सारून, टॉर्च घेऊन नवरदेव! आत्या किंचाळली, "संजू, शेरवानी!"

"ही गाडी रंगवली कदी?" खालून आवाज आला.

"पिछले हफ्ते," ड्रायव्हर म्हणाला.

रंगाऱ्याने अर्थिंगचा बोल्ट ताज्या रंगावरच आवळला होता. लोखंडाला लोखंड टेकतच नव्हतं. दादांनी रंग खरवडला, पॉलिश पेपर मारला, बोल्ट कचकचून आवळला. "मार!"

इंजिन धडधडलं. बँडवाले बसमध्येच वाजवायला लागले. मेकॅनिकने दादांना मिठी मारली. अक्षता पडल्या तेव्हा नवरदेवाच्या कोपराला ग्रीस होतं, पण मुहूर्त गाठला.

दादांना बसमध्ये चढा म्हणून किती विनवलं, पण आले नाहीत.

चार दिवसांनी लाडू घेऊन मी मोरव्याला गेलो. दादा घरात एकटेच. लाडू बाजूला ठेवून विचारू लागले, अंतरपाट कोणी धरला, नवरी कशी दिसत होती. मग हळूच, "तिचा बाप रडला का?"

"खूप," मी म्हणालो.

दादा म्हणाले, "माज्या पोरीनं कोर्टात लगीन केलं. चार वर्सं झाली. विरारला असते. ती बोलवायला आलेली, मीच गेलो न्हाय." मग लाडवांचा डबा उचलून म्हणाले, "तू येशील माज्यासंगती? एकट्याला बेल मारवनार न्हाय."

विरारला बेल मीच मारली. दादा माझ्या मागे उभे होते, गळ्यात मीटर न घालता, इस्त्रीच्या शर्टात. दार उघडलं. माझ्याकडे लक्षही न देता पोरीने त्यांच्या हातातला डबा घेतला.

"बाबा," ती म्हणाली, "जेवलास का?"